हळद, चेतापेशी आणि ९६ खळगे

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो. एवढा प्राणवायू वापरताना सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे घातक रेणू तयार होतातच. निरोगी पेशी त्यांचा निपटारा करत राहते. हा निपटारा मागे पडला, की प्रथिनं, पेशीपटल आणि डीएनए यांची नासधूस सुरू होते. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. अल्झायमर आणि पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत त्याच्या खुणा सापडतात. हळदीतलं कर्क्युमिन हा ताण कमी करतं का, हे तपासतात कसं, ते मी एका प्रयोगशाळेत बसून पाहिलं.

प्रयोगाला वापरतात त्या पेशींचं नाव एसएच-एसवाय५वाय. न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग झालेल्या चार वर्षांच्या मुलीच्या अस्थिमज्जेतून १९७०च्या सुमारास घेतलेल्या नमुन्याचा हा वंश. चेतापेशींचे काही गुण त्यांच्यात आहेत, पण मुळात त्या कर्करोगाच्या पेशी. निष्कर्ष काढताना हे विसरून चालत नाही.

तिथली एक संशोधक मुलगी हूडखाली ९६ खळग्यांची प्लेट ठेवते आणि पिपेटने प्रत्येक खळग्यात पेशी सोडते. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये त्या रात्रभर तळाला चिकटतात. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचं. उजेडाने ते बिघडतं, म्हणून नळीला फॉइल गुंडाळायचं. आधी कर्क्युमिनच्या चढत्या मात्रा, काही तासांनी हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा आणि शेवटी एमटीटी हे पिवळं द्रव्य. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते विरघळवून यंत्रात रंगाची तीव्रता मोजली, की किती पेशी तगल्या याचा अंदाज येतो.

माझं लक्ष खिळलं ते कडेच्या खळग्यांवर. काहींत पेशींवर नुसतं डीएमएसओ होतं, तर काहींत कर्क्युमिन आणि एमटीटी, पण पेशी एकही नाही. वनस्पतींतली अशी अनेक द्रव्यं पेशींवाचूनही एमटीटी जांभळं करू शकतात. हे खळगे नसतील तर मेलेल्या पेशीही जगल्यासारख्या मोजल्या जातील. ताण मोजायचं दुसरं रंगद्रव्य हिरवं चमकतं, आणि कर्क्युमिनलाही स्वतःची हिरवट चमक असते. शिवाय सीरम नसलेल्या पोषकद्रवात अर्ध्या तासात बहुतेक कर्क्युमिन विघटित होतं. इतक्या ठिकाणी फसगत होऊ शकते, म्हणून ती मुलगी प्रत्येक आकड्यातून पेशी नसलेल्या खळग्यांचा आकडा वजा करते.

या चाळणीतून जे उरतं, ते थक्क करणारं आहे. पेशीत एनआरएफ२ नावाचं प्रथिन असतं. एरवी कीप१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि मोडीत काढतं. कर्क्युमिन कीप१मधल्या गंधकयुक्त भागांना चिकटतं, पकड सैल होते आणि एनआरएफ२ केंद्रकात शिरून संरक्षणाची जनुकं चालू करतं. ग्लुटाथायोन वाढतं, हीम ऑक्सिजनेज-१ तयार होतं; ही दोन्ही ताणाशी लढणारी द्रव्यं. लढाई पेशीच लढते, कर्क्युमिन तिला आधी सावध करतं. ते स्वतःही पेशीवर सौम्य ताणच असतं. मात्रा वाढवली, की त्याच प्लेटमध्ये पेशी मरताना दिसतात.

प्लेटपासून माणसाच्या मेंदूपर्यंतचं अंतर फार मोठं आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिन घेऊनही ते रक्तात जेमतेम सापडलं. सोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत मात्र २४ आठवडे कर्क्युमिन घेऊनही अल्झायमरच्या रुग्णांना फायदा दिसला नाही.

हळदीबाबत पुराव्याचा प्रश्न पूर्वीही उभा राहिला होता. १९९७ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द करून घेतलं. हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे, याचा पुरावा तेव्हा जुन्या लिखाणात मिळाला. हळद मेंदूच्या आजारावर चालते का, याचा पुरावा तिथे मिळणार नाही. तो आधी अशा प्लेटमधून आणि मग माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांतूनच यायला हवा. विस्मरण सुरू झालेल्या आईसाठी कुणी आशेने कर्क्युमिनची बाटली विकत घेतो, तेव्हा त्या बाटलीवरचा दावा असा तपासून घेतलेला असणं हा त्याचा हक्क आहे.