कमरेइतके पाणी

आपल्याकडे पाण्याची भीती घातली जाते ती खोलीची. मुलांना नदीवर जाऊ देताना घरातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो "पाणी किती आहे?" हा, आणि "कमरेइतकेच आहे" असे उत्तर मिळाले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. विहिरीत किंवा तळ्यात पोहावयास शिकलेल्या माणसाची ही समजूत स्वाभाविकच म्हणावी लागेल. तेथील पाणी स्थिर, आणि स्थिर पाण्यात पायाखाली जमीन लागली की माणूस सुखरूप. वाहत्या पाण्याचा हिशेब मात्र निराळा आहे. आमच्या घरची आठ माणसे एका सकाळी रबरी होडीतून कुंडलिका नदीच्या खळाळत्या पात्रात उतरली, तेव्हा हा हिशेब आम्हांला जवळून पाहावयास मिळाला. त्या सफरीच्या निमित्ताने वाहत्या पाण्याचे काही स्वभावधर्म आपल्यापुढे ठेवावेत असा विचार आहे.

प्रथम नदीविषयी थोडेसे. कोकणातील बहुतेक नद्या चैत्र-वैशाखात आटून जातात, पण कोलाडजवळची कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहत असते. याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळशीच्या धरणाविषयी पुणेकरांना वेगळे सांगावयास नको. १९२१ साली तेथे शेतकऱ्यांनी केलेला सत्याग्रह आणि सेनापती बापटांचे नाव आपल्या सर्वांच्या ऐकण्यातले आहे. मुळेचे पाणी वस्तुतः पूर्वेकडे भीमेत, तेथून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जावयाचे. ते डोंगरावर अडवून, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरविले, आणि १९२७ साली ते वीजघर सुरू झाले. जनित्रे फिरवून झालेले हे पाणी कुंडलिकेत पडते आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. म्हणजे या नदीचे पाणी उन्हाळ्यात वाढते आणि ओसरते ते विजेच्या गरजेनुसार. आभाळाकडे पाहून त्याचा अंदाज बांधता येत नाही. सकाळी पाणी सुटले की पात्र भरते, आणि त्या काही तासांत राफ्टिंगची हौस भागवून घ्यावयाची, असा तेथील रिवाज आहे.

राफ्ट म्हणजे तराफाच. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड आपल्या खेड्यापाड्यांतून वापरीत असत. आजची राफ्ट ही हवा भरलेल्या जाड रबरी नळ्यांची असते. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने वापरलेल्या रबरी होड्या युद्ध संपल्यावर अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या आणि तेथे या खेळाचा प्रसार झाला. त्यापूर्वी, १८६९ साली, मेजर पॉवेल हा एक हात गमावलेला धाडसी गृहस्थ जड लाकडी होड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळईतून पार गेला होता. त्याचे वल्हेकरी नेहमीच्या पद्धतीप्रमाणे वाटेकडे पाठ करून बसत, त्यामुळे समोरचा खडक त्यांना दिसतच नसे! पुढे त्या शतकाच्या अखेरीस तोंड फिरवून बसण्याची युक्ती रूढ झाली. इतकी साधी गोष्ट सुचावयास इतकी वर्षे लागावीत याचे आम्हांला नवल वाटते; पण सवय ही अशीच असते.

खळाळत्या पाण्याच्या सहा श्रेणी मानल्या आहेत. पहिलीत नुसत्या लहरी, सहावीत जवळजवळ मरणच. कुंडलिकेचा हा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतला. तिसरी श्रेणी म्हटल्यावर आम्हांला परीक्षेतला तिसरा वर्ग आठवला आणि आम्ही निश्चिंत झालो. परंतु ही श्रेणी पाण्याला दिलेली असते, त्यात पडणाऱ्या माणसाला नव्हे.

आमच्या आठांत आम्ही उभयता, आमचे दादा व वहिनी, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा, पंधरा वर्षांची मुलगी, आणि आमचे मेहुणे व भाचा. राफ्टचा गाइड त्याच बाजूच्या गावातला पंचविशीचा तरुण होता. काठावर त्याने सर्वांना उभे करून सूचना दिल्या. अंगातले तरंगते जाकीट खांद्याला धरून वर ओढून पाहिले. ज्याचे वर सरकले त्याचे पट्टे पुन्हा आवळले. सैल जाकीट पाण्यात तोंडावर येते आणि माणूस त्यातून खाली निसटतो, असे त्याने सांगितले. मग म्हणाला, "राफ्ट दगडावर आडवी बसली तर सगळ्यांनी दगडाकडे यायचं, लांब पळायचं नाही. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, पायाची बोटं वर दिसली पाहिजेत. आणि काही झालं तरी धारेत उभं राहायचं नाही." आमचे मेहुणे त्या वेळी फोटो काढीत होते. दादा पूर्वी विहिरीत सूर मारणारे. त्यांनी हसून मान हलविली. लक्ष देऊन ऐकले ते एका पुतणीने.

आता या सूचनांच्या मागचे गणित पाहू. वाहते पाणी आडव्या वस्तूवर जो रेटा देते तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचा पाव चौरस मीटर भाग धारेसमोर येतो असे धरू. पाणी भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला दोन मीटर, वाहत असेल तर त्याच्यावर सुमारे पन्नास किलो वजनाचा रेटा पडतो. तेच पाणी सेकंदाला तीन मीटर वाहू लागले तर हा आकडा शंभराच्या वर जातो. शिवाय वाऱ्याच्या झोतासारखा हा रेटा क्षणभराने थांबत नाही. एक मण ज्वारीचे पोते कोणी पाठीवर टाकून ते सतत तसेच दाबून धरावे तसा तो असतो. आणि चार मीटर लांबीची राफ्ट अशा धारेत आडवी सापडली तर तिच्यावर जवळजवळ एक टनाचा भार येतो.

पहिला तासभर मजेत गेला. थंड पाण्याचे सपकारे अंगावर येत होते, मुले ओरडत होती, आणि वहिनींची सुरुवातीची भीतीही पळाली होती. नदीच्या एका वळणावर पात्राच्या मध्यभागी म्हशीच्या पाठीएवढा काळा कातळ पाण्याबाहेर आला होता. गाइडने "फॉरवर्ड!" म्हणून हाक दिली. आम्हां मंडळींपैकी निम्म्यांनी वल्ही मारली, निम्मी तो कातळ पाहत राहिली, आणि राफ्ट फिरून आडवी होऊन त्यावर जाऊन टेकली.

"दगडाकडे! दगडाकडे या!" तो ओरडला. आम्ही सर्वजण नेमके उलटे सरकलो. समोरून खडक अंगावर येत असता माणूस मागे होतो. त्यात विचार करावयास वेळ नसतो. परंतु मागे झाल्यावर आमचा भार धारेकडच्या नळीवर पडला, ती नळी पाण्याखाली गेली, पाणी आत घुसले आणि राफ्ट खडकावर उभी चढू लागली. दगडाकडे भार गेला असता तर वरच्या अंगाची नळी उचलली जाऊन पाणी तिच्या खालून निघून गेले असते. गाइडने मेहुण्यांना दंडाला धरून खडकाच्या बाजूस लोटले, त्यांच्यामागून आम्हीही तिकडे पडलो. राफ्ट सुटली आणि गिरकी घेऊन खडकाच्या खालच्या अंगाला आली. तेवढ्यात पुतणी आणि दादा दोघेही पाण्यात गेले होते.

खडकाच्या मागे पाणी उलटे, म्हणजे धारेच्या विरुद्ध दिशेने, हळूहळू वळत असते. त्या उलट्या पाण्यात राफ्ट थांबू शकते, आणि तशीच ती थांबली. तेथून आम्हांला पुढचे सर्व दिसत होते. पुतणी उताणी होती, पाय पुढे, बोटे वर. जाकिटाने तिला बुचासारखे तरंगत ठेवले होते. पण धार तिला काठाच्या एका पडलेल्या झाडाकडे नेत होती. नदीतल्या झाडाझुडपांची जाळी ही खडकापेक्षा वाईट. चहाच्या गाळणीतून चहा खाली जातो आणि पत्ती वर अडकून राहते; तसे पाणी फांद्यांतून निघून जाते, माणूस मात्र तिथेच दाबला जातो. "पालथी हो, ताई! फांदीवर चढ!" गाइड ओरडला. तिने कूस बदलली, दोन हात मारले आणि छातीपर्यंत एका जाड फांदीवर चढून बसली. कमरेखालचे अंग पाण्यातच होते, पण डोके चांगले वर होते.

दादा तिच्यापासून पंधरा-वीस पावलांवर, उथळ जागी आले होते. पायाखाली दगड लागताच ते उभे राहिले. पाणी कमरेइतके. मुलीकडे जाण्यासाठी त्यांनी एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि तिसरे पाऊल दोन दगडांच्या फटीत गेले. मागून धार रेटीत होती, पाय निघत नव्हता. ते पुढे वाकले, हात टेकावयास काही नव्हते, आणि पाहता पाहता पाणी त्यांच्या हनुवटीला लागले. धारेत उभे राहू नका असे जे सांगतात ते यासाठी. पाय अडकलेल्या माणसाला प्रवाह खाली दाबतो, आणि मग ते पाणी कमरेइतके राहत नाही.

गाइड दोरीची पिशवी घेऊन काठावर उडी मारून धावला, तो मुलीकडे न जाता दादांच्या वरच्या अंगाला. वहिनी किंचाळल्या, "अहो, आधी तिला काढा! आधी तिला!" त्याने वळून पाहिले नाही. त्या क्षणी आम्हांलाही त्याचा राग आला, हे कबूल केले पाहिजे. पंधरा वर्षांची पोर झाडाला लोंबकळते आहे, आणि हा तिच्या बापाकडे धावतो! पण मुलगी श्वास घेत होती. बाप काही क्षणांत घेऊ शकणार नव्हता. हा निवाडा आईने करावयाचा नसतो, आणि काकानेही नाही. आम्ही तर तेवढ्यात राफ्टच्या कडेवरून पाण्यात उतरावयास निघालो होतो. भाच्याने आमचे जाकीट मागून घट्ट धरून ठेवले म्हणून तिसरा माणूस पाण्यात गेला नाही.

दोरी दादांच्या खांद्यावर पडली. "धरा, काका! हाताला गुंडाळू नका, नुसती धरा!" हाताला वेढे दिलेली दोरी वेळ आली तर सोडता येत नाही, म्हणून ही सूचना. वरच्या अंगाने ताण पडताच दादांचे डोके वर आले, अंग मागे झाले, आणि ज्या दिशेने पाय फटीत गेला होता त्याच दिशेने तो उलटा ओढला गेला. बूट तेथेच राहिला, पाय बाहेर आला. नाडी सैल होती. गाइडने ती सकाळी घट्ट बांधावयास सांगितली होती आणि दादांनी ते ऐकले नव्हते. या एका अवज्ञेचा मात्र फायदा झाला. दरम्यान मागून येणाऱ्या दुसऱ्या राफ्टमधील माणसांनी पुतणीला फांदीवरून उचलून घेतले. खडकावर टेकल्यापासून तोपर्यंत सारी तीन-चार मिनिटे गेली असतील.

हिमालयातल्या नद्यांवर यात आणखी एका संकटाची भर पडते. हृषीकेशच्या गंगेत वितळलेल्या बर्फाचे पाणी असते. त्यात अचानक पडणाऱ्याचा श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. म्हणून पडल्यावर पहिले काम तोंड वर ठेवून श्वास सावरण्याचे, पोहणे त्यानंतर. बंधाऱ्याखालच्या पाण्याविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. पुरुषभर उंचीच्या बंधाऱ्यावरून पाणी गुळगुळीत चादरीसारखे पडते आणि दिसावयास मोठे रम्य दिसते. पण पायथ्याशी ते उसळून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते. त्यात सापडलेली वस्तू खाली जाते, वर येते, मागे ओढली जाते आणि पुन्हा खाली जाते. तेथील फेसात हवाच इतकी असते की तरंगण्यास लागणारी उचल कमी पडते. राफ्टचे अनुभवी लोक मोठ्या खळाळातून हसत जातात आणि अशा लहान बंधाऱ्याआधी होडी डोक्यावर घेऊन काठाने चालतात.

दुपारी जेवणे झाल्यावर दादांना बुटाची आठवण झाली. खरे म्हणजे बुटाचे निमित्त होते. त्यांना ती जागा पाहावयाची होती. आम्ही तिघेचौघे गाइडबरोबर काठाकाठाने गेलो. वरून सुटणारे पाणी एव्हाना बंद झाले होते. सकाळचा कातळ आता पुरा उघडा पडला होता, त्याच्या पायथ्याशी हिरवे डबके साचले होते, आणि जेथे दादा उभे होते तेथे पाणी घोट्यालाही लागत नव्हते. "तुम्ही इथंच थांबा," गाइड म्हणाला. "वरून कधी सोडतील नेम नाही." तो एकटा दगडांवरून उड्या टाकीत गेला. दोन गुळगुळीत दगडांच्या मध्ये, टाच वर करून, बूट तसाच उभा होता. त्याने एका हाताने ओढून पाहिला, तो हलला नाही. मग पाय रोवून त्याने दोन्ही हात लावले.