गेलेल्या लेकीला परतीचं दार

गटाच्या बैठकीत आपण हप्त्यावर बोलतो, कर्जावर बोलतो, शेळ्यांवर बोलतो. पण ‘अमकीची पोर कामाला गेली, तिचा फोन लागत नाही’ असं कुणी म्हटलं की सगळ्या खाली बघतो. आज त्यावरच बोलू.

आपल्या कोयना खोऱ्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला कामाला गेली. त्यामुळे ‘मुंबईत काम लावून देतो’ हे बोलणं कुणाला खटकत नाही. फसवणारा अनेकदा ओळखीचाच असतो. लांबचा नातेवाईक, लग्न जमवणारी बाई, नाहीतर मोबाईलवर ओळख झालेला मुलगा. हुंडा नको, लग्नाचा खर्चही आम्हीच करू, असं कुणी घाईनं म्हणालं तर आधी थांबा.

मग गाव म्हणतं, ‘ती आपल्या पायानं गेली.’ कायदा तसं म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 प्रमाणे फसवून, धमकावून किंवा लालूच दाखवून शोषणासाठी कुणाला नेणं, ठेवून घेणं हा मानवी व्यापाराचा गुन्हा आहे. त्यात मुलगी ‘हो’ म्हणाली होती का, याला महत्त्व नाही. शिक्षा किमान सात वर्षं. मुलगी अठराच्या आतली असेल तर किमान दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत.

दुसरी गोष्टही समजून घेऊ. या धंद्यातली प्रत्येक बाई विकून आणलेली असते, असं नाही. आपल्या शेजारच्या सांगलीत 1996 साली या बायांनी स्वतःची संघटना उभी केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. आमच्याविषयी ठरवताना आधी आम्हाला विचारा, हे त्यांचं मागणं. सर्वोच्च न्यायालयानंही 19 मे 2022 च्या आदेशात सांगितलं, की स्वतःच्या मर्जीनं हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक करू नये, त्रास देऊ नये. म्हणजे बळजबरीनं आणलेलीला सोडवायचं, आणि कुणाचाच अपमान करायचा नाही.

आपण काय करतो? सुटून आलेल्या मुलीला पाणवठ्यावर टोमणे मारतो. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडतं. नेणारा मात्र दुसऱ्या वाडीत उजळ माथ्यानं फिरतो. ‘घरी गेलीस तर कोण ठेवून घेईल?’ अशी भीती तो मुलीला घालतो, आणि आपण त्याचं बोलणं खरं करून दाखवतो.

म्हणून गटात एवढं ठरवू. मुलगी कामाला निघाली की मालकाचं नाव, पत्ता, फोन लिहून ठेवायचा. आधार कार्ड तिच्याकडेच राहील असं बघायचं. तिच्याशी एक खुणेचा शब्द ठरवायचा. तो फोनवर आला की समजायचं, पोर अडचणीत आहे. फोन बंद झाला तर अब्रूचा विचार करत बसायचं नाही. कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. अठराच्या आतलं मूल हरवलं तर अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो. तातडीला 112, मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181.

आणि ती परत आली, तर पहिला प्रश्न ‘कुठं होतीस?’ असा नको. ‘जेवलीस का?’ असं विचारू.