मुदतीचा कायदा, बेमुदत खटला

१८२५ साली औट्रमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांतूनच शिपाई घ्यायचे आणि त्यांच्याच हातून भिल्लांची बंडे मोडायची, हे इंग्रजांचे खानदेशातील धोरण. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसू लागला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मारण्याची सवय मात्र राज्यसंस्थेच्या हाडीमासी खिळलेली राहिली, असे मला वाटते.

दहशतवादविरोधी कायद्यांकडे पाहताना ही सवय ध्यानात ठेवावी. १९८५ साली पंजाबातील परिस्थितीवर उपाय म्हणून टाडा आला, तो दोन वर्षांपुरता. १९८७ साली तो नव्याने केला गेला आणि दर दोन वर्षांनी त्याची मुदत वाढत गेली. त्यातील दोन कलमे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजेत. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. टाडात अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरे. दुसरे कलम जामिनाचे. सरकारी वकिलाने विरोध केला, की आरोपी दोषी नसावा अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे खटला उभा राहण्याआधीच आपले निर्दोषत्व दाखवायचे! घटना समितीत सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी कलम १५अ मांडले, तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकिलाचा सल्ला घेऊ द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. न्याय्य प्रक्रियेची हमी घटनेतून गळाली होती, तिची थोडीतरी भरपाई व्हावी हा त्यामागचा हेतू.

आता भुसावळकडे या. 'भुसावळ अल-जिहाद' नावाची संघटना काढून बाबरी मशिदीचा सूड घेण्याचा कट केला, असा आरोप ठेवून मे १९९४ मध्ये ११ मुसलमानांना टाडाखाली अटक झाली. वर्षभरात, मे १९९५ मध्ये, टाडाची मुदत संपली. खटला संपला नाही. जुने खटले चालू ठेवण्याची सोय कायद्यातच होती. नाशिकच्या टाडा न्यायालयाने अकराही जणांना निर्दोष सोडले ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. कायदा मेल्यावर जवळजवळ चोवीस वर्षे त्याचा खटला जिवंत!

दरम्यान धोरणाला आंतरराष्ट्रीय आधार मिळाला. अमेरिकेवरील हल्ल्यानंतर २८ सप्टेंबर २००१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ठराव १३७३ केला. दहशतवादाविरुद्ध कायदे करणे सर्व देशांवर बंधनकारक झाले, पण दहशतवाद म्हणजे काय, हे ठरावाने सांगितले नाही. भारताने १९९६ साली मांडलेला सर्वंकष कराराचा मसुदाही याच व्याख्येपाशी अडला आहे. ठरावानंतर महिनाभरातच आपल्याकडे पोटाचा वटहुकूम निघाला, २००२ साली कायदा झाला, २००४ साली तो रद्द झाला. निवडणुकीतले वचन पाळले गेले म्हणून आपण समाधान मानले. पण त्याच वेळी पोटातील बराचसा भाग १९६७ च्या यूएपीए कायद्यात दाखल झाला. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ साली जामिनाचे कडक कलम त्यात आले. २०१९ पासून संघटनेप्रमाणेच एकट्या व्यक्तीलाही सरकार दहशतवादी ठरवू शकते. टाडाला मुदत होती, पोटालाही होती. यूएपीएला ती नाही. टाडातील कबुलीजबाबाचे कलम त्यात नाही, हे खरे; ते महाराष्ट्राने १९९९ साली केलेल्या मकोकात आहे.