सुटीतले मैदान आणि कुलूप

वार्षिक परीक्षा संपली की अमळनेरमधील पालकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : आता या मुलांचे करायचे काय? ज्यांना परवडते ते छंदवर्ग शोधतात किंवा पुढच्या इयत्तेची शिकवणी लावून मोकळे होतात. इतरांची मुले मोबाइलपुढे बसतात. काल जे विनामूल्य होते त्याला आज बाजारात किंमत आली आहे. आणि किंमत आली की ती देऊ न शकणारेही आलेच.

वस्तुतः खानदेशाने उन्हाळ्यातील खेळाची व्यवस्था शाळा निघण्याच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. वैशाख शुद्ध तृतीयेला आखाजी येते. निंबाच्या फांदीला दोर बांधून झोके चढतात. माहेरी आलेल्या लेकी आणि परकऱ्या पोरी गाणी म्हणतात. ती गाणी कोणी फळ्यावर लिहून शिकविली नाहीत. थोरलीच्या तोंडून धाकटीने उचलली, आणि अहिराणीचा केवढा तरी शब्दसाठा असा झोक्यावर बसून पुढे गेला. त्यानंतर आठ दिवसांनी, एकादशीला, संत सखाराम महाराजांचा रथ निघतो. बोरीच्या पात्रात यात्रा भरते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पन्नास रुपये देऊन तेथे एकट्याने खरेदी करू दिली, तर भाव आणि घासाघीस यांचे जे ज्ञान त्याला होते, ते नफा-तोट्याच्या पाठात सापडणे कठीण.

आखाजीचा झोका मुलींचा होता, हे विसरून चालणार नाही. आज मैदानावर मुलगे क्रिकेट खेळतात आणि त्यांच्याच वयाची बहीण घरी धाकटे भावंड सांभाळते. तिच्या सुटीची दखल कोणत्याही शिबिराच्या पत्रकात नसते.

उन्हाचा आक्षेप खरा आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना मुलांना दुपारी बाहेर पिटाळणे हा अविचारच होय. परंतु सकाळी नऊपर्यंतचा आणि उन्हे उतरल्यानंतरचा वेळ उरतोच. नेमक्या त्या वेळी अनेक शाळांच्या फाटकांना कुलूप असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले, सहावी ते आठवीसाठी वर्षाला कामाचे किमान २२० दिवसही ठरविले. उरलेल्या सुमारे १४५ दिवसांत ते क्रीडांगण कोणाचे, हा प्रश्न तसाच राहिला.

वर्गाबाहेरचे शिक्षण या गावाला नवे नाही. १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिकविणारे साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत; त्याला ना परीक्षा होती, ना गुण.

मैदान उघडे ठेवण्यास लागते तरी काय? दीड महिन्यासाठी एका रखवालदाराचा पगार, पाण्याचा रांजण, झोक्यापुरता मजबूत दोर. संध्याकाळचा एक तास मुलींसाठी राखून तेथे एखादी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका मानधनावर नेमली, तर घरची माणसे मुलींना पाठवतील. धाकटे भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीलाही फाटकावरून परत धाडू नये. नगरपरिषद आणि संस्थाचालक यांनी आखाजीपूर्वी एकदा एकत्र बसावे. वर्षाच्या अंदाजपत्रकात हा खर्च शोधूनही सापडणार नाही इतका किरकोळ आहे.