जनपदोध्वंस, बदलते ऋतू आणि आपला नगर जिल्हा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेला आहे. परीक्षेत त्यावर टीप हमखास येते. वायू, उदक, देश आणि काळ हे चार भाव क्रमाने लिहिले की गुण पदरात पडतात. पुढे व्यवसायाच्या धकाधकीत तो अध्याय मिटलेलाच राहतो. वैद्यबंधूंनी आणि वैद्यभगिनींनी तो पुन्हा एकदा उघडावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

अध्यायाची सुरुवात मोठी अर्थपूर्ण आहे. पांचाल देशात, काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरी, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह वनात फिरत आहेत. आकाशातील आणि दिशांमधील विकृत लक्षणे त्यांच्या नजरेस पडतात आणि ते अग्निवेशास पहिली सूचना देतात, ती रोगाविषयी नसून औषधांविषयी आहे. ही भूमी लवकरच वनस्पतींना त्यांचा यथोचित रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव देईनाशी होईल. तसे होण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेव, असे ते सांगतात. चिकित्सेचा विचार त्यानंतर येतो. जनपदावर संकट यावयाचे असेल तर वैद्याची झोळी आधी रिकामी होते, हे त्या ऋषींच्या लक्षात आले होते.

येथे एक खुलासा केलेला बरा. आधुनिक विज्ञानाचा प्रत्येक शोध आपल्या ग्रंथांत आधीच सांगितला आहे, असे म्हणण्याची एक सवय आपल्यात रुजली आहे. आम्हास ती मान्य नाही. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने वातावरणात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पृथ्वीची उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो, हे चरकाचार्यांनी सांगितलेले नाही, आणि त्यांनी ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढले आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींत २०२४ हे वर्ष त्याही पलीकडे, दीड अंशावर गेले. हे ज्ञान मोजमापांतून आले आहे. ग्रंथांतून आपल्याला मिळते ती विचार करण्याची पद्धत, आणि ती आजही उपयोगी आहे.

चार भावांत आत्रेयांनी एक तरतमभाव सांगितला आहे. वायूपेक्षा उदक, उदकापेक्षा देश आणि देशापेक्षा काळ अधिक गंभीर, कारण तो टाळणे उत्तरोत्तर कठीण. बिघडलेल्या वायूपासून माणूस आडोशाला जाऊ शकतो, पाणी उकळू शकतो, प्रसंगी गाव सोडू शकतो. बिघडलेल्या काळातून मात्र कोणालाच बाहेर पडता येत नाही. आज बिघडला आहे तो नेमका काळ.

२०२५ साली नैऋत्य मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. नोंदींत इतके लवकर आगमन पूर्वी झालेले नव्हते. पंचांगात त्या दिवशी वैशाख महिनाही संपलेला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यास आणि लगतच्या पाथर्डी-शेवगाव भागास अतिवृष्टीने झोडपले. वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत शेते पाण्याखाली गेली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट शेतकरी अद्याप विसरलेले नाहीत. आणि त्याआधी व नंतर २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ हे दुष्काळ. काळाचा अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग हे तिन्ही प्रकार एका तपाच्या आत एकाच जिल्ह्याने पाहिले. विद्यार्थ्यांना यासाठी वेगळी उदाहरणे शोधावयास नकोत.

आता आपल्या शोधनकर्माकडे पाहू. वाग्भटाचार्यांनी ग्रीष्मात संचित झालेला वात श्रावणात, वर्षेत संचित झालेले पित्त कार्तिकात आणि हिवाळ्यात साठलेला कफ चैत्रात काढावयास सांगितले. याच आधारावर आपल्या पंचकर्म केंद्रांची वेळापत्रके छापली जातात. श्रावण लागला की बस्तीच्या जाहिराती झळकतात. परंतु वैशाखातच वर्षाऋतूची लक्षणे उमटली तर वातप्रकोप श्रावणापर्यंत थांबेल काय? अश्विनभर ढगाळ हवा आणि पाऊस राहिला, शरदाचे ऊन पडलेच नाही, तर पित्तप्रकोपाचा क्रम तोच राहील काय? महिन्याचे नाव हे ऋतूचे केवळ सोयीचे चिन्ह आहे. शोधनासाठी अतिशीत, अतिउष्ण आणि अतिवृष्टी यांपासून मुक्त असा साधारण काळ हवा, हा नियमाचा गाभा होय. म्हणून केंद्राच्या भिंतीवरील दिनदर्शिकेपेक्षा अंगणातील आकाश, रुग्णाचा अग्नी आणि दोषांची प्रत्यक्ष लक्षणे यांना प्रमाण मानावे, असे आमचे नम्र मत आहे.

तातडीच्या प्रसंगी काय करावे याचेही उत्तर विमानस्थानातच, आठव्या अध्यायात सापडते. ऋतू प्रतिकूल असेल तर त्याच्या विपरीत गुण कृत्रिम रीतीने निर्माण करून, औषधाचा संयोग, संस्कार आणि मात्रा बदलून, अत्यंत सावधपणे कर्म करावे. थंडीत उबदार निवातगृह आणि उन्हाळ्यात शीतगृह ही केवळ रुग्णसेवेची सोय नव्हे, तो शास्त्रोक्त उपाय आहे. ऋतुसंधीचे पंधरवडेही आता ठरल्या वेळी येत नाहीत. एकाच आठवड्यात उन्हाळा, गारपीट आणि पुन्हा उन्हाळा असा अनुभव येतो. जुना विधी हळूहळू सोडून नवा हळूहळू धरावा हा वाग्भटोक्त क्रम अशा वेळी पाळावा तरी कसा, हा प्रश्न आम्हास स्वतःला पडतो. निदान दुर्बल, वृद्ध आणि श्वासाच्या रुग्णांना या काळात आहारात एकदम बदल करू देऊ नये, इतके तर सांगता येते.

औषधी द्रव्यांच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान, असे म्हटले पाहिजे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्यात पश्चिमेला घाटघर-रतनवाडीचा काही हजार मिलिमीटर पावसाचा सह्याद्री आहे, तर पूर्वेला पर्जन्यछायेतील माळरान. एका टोकाला हिरडा, बेहडा. दुसऱ्या टोकाला हिवर, बाभूळ, तरवड. १९१७ साली गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरमध्ये आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. अशा द्रव्यसंपन्न मुलखात विद्यार्थ्याला झाड प्रत्यक्ष दाखविता येते, हा केवढा लाभ!

हिरड्याचेच उदाहरण घ्या. अकोले आणि शेजारच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरड्याच्या हंगामात रोख पैसा मिळतो. कोवळी फळे उन्हात वाळवावी लागतात. त्याच दिवसांत अवकाळी पाऊस आला तर माल काळवंडतो, त्यास बुरशी येते आणि भाव कोसळतो. ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगाव भागातील हिरड्याचे मोठे नुकसान केले आणि भरपाईसाठी हिरडा उत्पादकांना दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागला. आपण त्रिफळा चूर्णाचे पुडके बांधतो तेव्हा त्यामागे हे कुटुंब असते.

चरकाचार्य कल्पस्थानात सांगतात की कोवळी पाने व फांद्या वर्षा किंवा वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात आणि सार हेमंतात घ्यावे. शरदात शेत चिखलाने भरलेले असेल तर शतावरीचा कंद काढणार कसा, आणि काढलाच तर तो वाळणार कुठे? यावर आमची सूचना साधी आहे. संग्रहाची तारीख, ठिकाण आणि त्या आठवड्यातील हवा यांची नोंद प्रत्येक पोत्यावर असावी, आणि ओलसर हंगामासाठी गावपातळीवर सावलीतील वाळवणगृहे असावीत. व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्यावर यांतील काहीच नसते. आपणही विचारीत नाही. वन ओरबाडले जाते त्यात आपल्या मागणीचाही वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुळवेल, अडुळसा, निर्गुंडी, शतावरी यांची लागवड बांधावर सहज होते. ज्या वैद्याच्या दारात यांपैकी एकही वेल वा झुडूप नाही, त्याने दुसऱ्यास वनसंवर्धनाचा उपदेश न केलेलाच बरा.

देश या भावाविषयी मात्र आपला जिल्हा जगाला काही शिकवू शकतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाचे काम झाले. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली डोंगरउतारावर चर खणले गेले, झाडे लावली गेली, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली गेली. शेतीसाठी बोअरवेल घ्यावयाची नाही, ऊस लावावयाचा नाही आणि पडलेल्या पावसाचा दरवर्षी ताळेबंद मांडून मगच पिके ठरवावयाची, हे नियम ग्रामसभेने स्वीकारले. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली अशाच रीतीने उजाड रान हिरवे झाले. येथे पाऊस वाढलेला नव्हता. काळावर माणसाची सत्ता चालली नाही. पण देशाची चिकित्सा झाली आणि त्यामागोमाग उदक सुधारले. दोन दुष्काळांमधील अंतर कमी होत चालले असताना हीच खरी जुळवणूक. चराईबंदीचा भार मात्र प्रथम शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या गरिबांवर पडतो. त्यांच्या चाऱ्याची सोय आधी लावली नाही तर असे नियम टिकत नाहीत.

याउलट चित्र प्रवरेच्या खोऱ्यात दिसते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, कालवे आले, १९५० नंतर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली आणि उत्तरेकडील तालुक्यांना समृद्धी लाभली. ती कोणी नाकारू नये. पण आयुर्वेदाच्या दृष्टीने पाहता मूळच्या जांगल देशात मानवनिर्मित आनूप देश तयार झाला. बारमाही ओली जमीन, दमट हवा, डास, काही ठिकाणी पाणी साचून खारवट झालेली शेते. जांगल देशात वातप्रधान आणि आनूपात कफप्रधान विकार अधिक, हे सूत्र लावावयाचे तर राहाता किंवा श्रीरामपूर येथील रुग्णास आपण कोणत्या देशाचा मानणार? आमचा कयास असा की देशपरीक्षेच्या रकान्यात आपण अजूनही आजोबांच्या काळातील उत्तर लिहीत आहोत. रुग्ण कोठे राहतो याबरोबर त्याच्या घराभोवती आज पाणी किती आहे, हेही विचारावयास हवे.

उष्णतेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ग्रीष्मचर्येत मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध अन्न सांगितले, साखरयुक्त शीत मंथ सांगितला. लवण, अम्ल, कटू रस आणि व्यायाम टाळावयास सांगितले. हे उपदेश वाळ्याच्या पडद्याआड दुपार घालविणाऱ्यास उद्देशून आहेत, हे उघड आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून ऊसतोडीस गेलेल्या मजुरास व्यायाम टाळा हे कसे सांगावे? त्याच्या घामाबरोबर मीठ वाहून जाते. त्यास लवणवर्ज्य आहार सांगणे घातक ठरेल. मीठ-जिरे घातलेले पातळ ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, सातूचे पीठ कालवलेले पाणी हे त्याच्या आवाक्यातील मंथ होत. आडोसा नसल्याने लघवीस जाता येत नाही म्हणून तोडणीच्या फडात स्त्रिया पाणीच कमी पितात आणि मूत्रकृच्छ्राची तक्रार घेऊन येतात. त्यांना गोक्षुर द्यावा हे खरे. परंतु मुकादमाशी बोलून आडोशाची सोय करविणे हे निदानपरिवर्जन आहे, आणि ते चिकित्सेचे पहिले सूत्र.

एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. उन्हात काम करणाऱ्या माणसाचे अंग भाजल्यासारखे तापले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात होय. अशा वेळी प्रवाळ-मोतीच्या पुड्या शोधण्यात एक क्षणही घालवू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडाने काहीही देऊ नये आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. पाण्याबाबतही हीच सावधगिरी हवी. सुश्रुताचार्यांनी गढूळ पाणी निवळण्यासाठी कतक म्हणजे निवळीचे बी सांगितले आहे. त्याने गाळ बसतो, परंतु टँकरचे किंवा पुरानंतरचे विहिरीचे पाणी त्यानंतर उकळलेच पाहिजे.

आहाराच्या बाबतीत अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे काम वैद्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्यांनी घेवडा, वाल, भात, भाजीपाला यांची गावरान वाणे राखली आणि बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण पथ्यात वरी, नाचणी, ज्वारी, मूग लिहून देतो. ही धान्ये कमी पाण्यात येतात, म्हणजे रुग्णाचे पथ्य आणि शिवाराचे पथ्य येथे एकच आहे. दुष्काळी गावातील मधुमेही रुग्णास ज्वारी सांगताना ती त्याच्या रानात अजून पेरली जाते की नाही, हे एकदा विचारून पाहावे. अनेकदा तिची जागा उसाने घेतलेली असते.

शेवटी एक व्यवहार्य प्रस्ताव. प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन वैद्यांनी एक साधी वही ठेवावी. पहिला वळीव कधी पडला, आंब्यास मोहोर कधी आला, बहावा कधी फुलला, शिंदाडी-बेहडा कधी झडला, आणि त्या पंधरवड्यात ज्वर, अतिसार, श्वास, शीतपित्त यांचे रुग्ण किती आले, इतकेच लिहावे. हवामान खात्याजवळ पावसाचे आकडे आहेत आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाजवळ पिकांचे. ऋतू आणि व्याधी यांची सांगड घालणारी नोंद मात्र गावोगावच्या वैद्याशिवाय कोण ठेवणार? वही येत्या चैत्रापासून सुरू करावी आणि संवत्सर संपताना तिची एक प्रत या अंकाकडे पाठवावी.