अडीच हजार शिपायांची किंमत

६ मार्च १७७५ रोजी सुरतेच्या तहात पेशवाईच्या गादीसाठी भांडणाऱ्या राघोबादादांनी इंग्रजांना साष्टी आणि वसई लिहून दिली. बदल्यात मिळणार होते २,५०० शिपाई. वसईबरोबर तिच्या हाताखालचा मुलूखही आलाच, म्हणजे वसईजवळचं आगाशी गावही त्यात आलं: खाडी, केळीच्या बागा, पानमळे आणि शंकराजी केशव फडक्यांच्या नावाने ओळखलं जाणारं भवानीशंकराचं देऊळ धरून. आगाशीकरांना कुणी विचारलं असेल, असं मानायला काही जागा नाही.

ही वसई मराठ्यांना कितीला पडली होती? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती पोर्तुगीजांकडून घेतली, तेव्हा सुमारे तीन महिन्यांच्या वेढ्यात मराठ्यांच्याच हिशेबाने पाच हजार माणसं मेली किंवा जायबंदी झाली. पोर्तुगीजांनी सांगितलेला आकडा याहून कितीतरी मोठा. आपण धाकटाच धरू. छत्तीस वर्षांनी राघोबांना मिळणाऱ्या एकेका भाडोत्री शिपायामागे दोन-दोन मराठे आधीच वसईच्या तटाखाली पडले होते. बरं, हे शिपाई नुसत्या मुलखावरही मिळाले नाहीत. त्यांचा खर्च दरमहा दीड लाख रुपये, आणि तारण म्हणून सहा लाखांचं जवाहीर. भागाकार केला तर माणशी महिना साठ रुपये! पुढच्या शतकात कंपनीच्या हिंदी शिपायाचा पगार महिना सात रुपये होता. वरच्या पैशात तोफा, दारूगोळा, गोरे अधिकारी हे सगळं धरलं, तरी हा सौदा कुणाच्या फायद्याचा होता हे सांगायला नाना फडणविसांची बुद्धी लागत नाही.

या सौद्यातून पेटलेल्या लढायांना शाळेच्या पुस्तकात पहिलं इंग्रज-मराठा युद्ध म्हणतात. मला ते नाव अर्धंच खरं वाटतं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात पेशवा नारायणराव मारला गेला, चुलते राघोबा गादीवर बसले, न्यायाधीश रामशास्त्र्यांनी त्यांना खुनाबद्दल दोषी धरलं आणि कारभाऱ्यांनी बारभाईंचा पक्ष उभा केला. १८ एप्रिल १७७४ ला नारायणरावाला मरणोत्तर मुलगा झाला. २८ मे रोजी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. म्हणजे एका बाजूला चाळीस दिवसांचा पेशवा, दुसऱ्या बाजूला चाळिशीला टेकलेला. दोन्हीकडे मराठी सरदार, मराठी फौजा. हे घरचं युद्ध होतं. इंग्रज त्यात आधी भाड्याने आले आणि मग मालक झाले. त्यांना भूक नव्हती असं नाही. तहाची शाई पडायच्या आधीच, १७७४ च्या डिसेंबरात, त्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊन टाकला होता.

घरची युद्धं किती जीव घेतात? जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २००३ मध्ये १९४५ ते १९९९ या काळाची मोजदाद मांडली. देशादेशांतली युद्धं २५, त्यांत मेले सुमारे ३३ लाख. देशांतर्गत युद्धं १२७, त्यांत मेले सुमारे १ कोटी ६२ लाख. परक्यांशी लढून मेलेल्यांच्या जवळजवळ पाचपट माणसं आपल्याच लोकांशी लढून मेली. वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर लोक होते. अशी तेरा शहरं रिकामी करायची. कारणांबद्दलचा त्यांचा निष्कर्षही ऐकण्यासारखा आहे. धर्म, जात, भाषा वेगळ्या म्हणून लोक एकमेकांवर शस्त्र धरतात हे त्यांच्या आकड्यांतून सिद्ध होत नाही. गरीब आणि पोकळ झालेलं सरकार, बंडखोरांना लपायला डोंगराळ मुलूख, अस्थिर राजवट ही कारणं जास्त जड ठरतात. पेशवाईला हे माप लावून पाहा. दोन्ही पक्षांत एकाच धर्माचे, एकाच भाषेचे, पुष्कळदा एकाच घरातले लोक. तिजोरी मात्र रिकामी, आणि फौजेचा पगार कायम थकलेला. गादीचा वाद ही ठिणगी. पण थकलेल्या पगाराची फौज लूट किंवा मुलूख मिळाल्याशिवाय मागे फिरत नाही, आणि मग वाद मिटवायचा म्हटला तरी मिटत नाही.

लढाईतले मृत मोजणं त्यातल्या त्यात सोपं. वाटेतल्या गावांचं काय? १७७८ च्या अखेरीस राघोबांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून फौज निघाली. माणसं सुमारे ३,९००, आणि सामान ओढायला बैल १९,०००. एका शिपायामागे पाच बैल! घाट चढून ही वरात दिवसाला जेमतेम मैलभर सरकत होती. बैलाला दिवसाला सहा किलो कडबा धरला (शेतकरी म्हणतील, कमीच धरलास), तर रोज ११४ टन वैरण लागते. ती मुंबईहून नेता येत नाही. ती मावळातल्या गोठ्यांतूनच येणार. मराठ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वाटेवरचं गवत-धान्य जाळलं आणि तळेगावही पेटवून दिलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी शरणागती लिहून दिली, हा आपला अभिमानाचा प्रसंग, आणि तो आहेच. पण तळेगावच्या कुणब्याचं वर्षभराचं दाणावैरण त्याच्याच सरकारने जाळलं होतं.

मग पाळी किनाऱ्याची. सुरतेला कागदावर मिळालेली वसई इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने १७८० च्या डिसेंबरात लढून घेतली. ती सोडवायला आलेले मराठी सरदार रामचंद्र गणेश दुगाडजवळ लढताना पडले. पाठोपाठ जानेवारीत आगाशीच्या उशाशी असलेला अर्नाळाही गेला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच. राघोबांच्या वाट्याला महिना २५ हजारांची नेमणूक आली आणि पुढच्याच वर्षी ते वारले. १७७५ ते १७८२ म्हणजे सात वर्षं. जागतिक बँकेच्या २००३ च्या अहवालात सरासरी यादवी युद्ध साधारण सात वर्षं चालतं आणि त्याच्या अखेरीस त्या देशातला माणूस एरवीपेक्षा १५ टक्क्यांनी गरीब असतो, असा हिशेब आहे.

वीस वर्षांनी राघोबांचा मुलगा त्याच वसईला आला. दुसऱ्या बाजीरावाने गादीसाठी दौलतराव शिंद्यांना दोन कोटी कबूल केले होते. ते देता येईनात, तेव्हा ते पुण्याच्या रहिवाशांकडून उकळायची मोकळीक दिली आणि १७९८ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने सावकारांचे हाल करून ते वसूल करायला सुरुवात केली. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याचा भाऊ यशवंतराव २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेवर तुटून पडला. बाजीराव पळाला तो गडांवरून, समुद्रावरून फिरत वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला त्याने सही केली: ६,००० कवायती शिपायांची तैनाती फौज, आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख. माणशी वर्षाला ४३३ रुपये. बापाने वर्षाला ७२० च्या दराने घेतले होते, तेव्हा मुलाने घासाघीस बरी केली म्हणायची! फक्त बापाने दोन प्रांत दिले होते, मुलाने दुसऱ्या कुणाशी बोलायचा हक्कही दिला.

देशावर याचं बिल वेगळं आलं. होळकर, शिंदे आणि पेंढारी यांच्या घोड्यांनी उभी पिकं खाल्ली होती, त्यात १८०३ चा पाऊस बिघडला. पुणे, नगर, खानदेशात दुष्काळ पडला, गावं ओस पडली, माणसं कोकणात आणि मुंबईत उतरली. त्या मेलेल्यांना तहात कलम नव्हतं.

आगाशी इंग्रजांकडे कायमची गेली ती १३ जून १८१७ च्या पुणे करारातून, उत्तर कोकणाच्या एका कलमात. वर्षभराने, ३ जून १८१८ ला, बाजीराव इंग्रजांच्या माल्कमला शरण आला. त्याला ब्रह्मावर्तास वर्षाला ८ लाखांची पेन्शन मिळाली आणि तो २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला. साडेबत्तीस वर्षं गुणिले ८ लाख, म्हणजे सुमारे २ कोटी ६० लाख: वसईला कबूल केलेल्या तैनाती फौजेचा बरोबर दहा वर्षांचा खर्च. कंपनीला पेशवाई एवढ्यात पडली, आणि हे पैसेसुद्धा तिने दिले ते पेशव्यांच्याच मुलखातून वसूल केलेल्या साऱ्यातून.