इंटरनेटचा वेग : खरा कोणता आणि भासमान कोणता ?

शेतमालाचे बाजारभाव, हवामानाचा अंदाज, सातबाराचा उतारा, अनुदानाचा अर्ज आणि मुलांचा अभ्यास ही कामे आता इंटरनेटवरून होऊ लागली आहेत. विजेप्रमाणेच इंटरनेटची जोडणी ही शेतकरी कुटुंबाच्या गरजेची बाब झाली आहे. जोडणीचा वेग अपुरा पडू लागला की दोन मार्ग समोर येतात. थोड्या पैशांत किंवा फुकट मिळणारी व वेग कित्येक पट वाढविण्याचे आश्वासन देणारी युक्ती, हा एक. अधिक क्षमतेची जोडणी, हा दुसरा. या दोहोंतील भेद नीट न समजल्यास पैसा खर्च होतो आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी काम मात्र अडून राहते. सुमारे वीस वर्षांपूर्वी टेलिफोनवरून इंटरनेट वापरणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा होता. त्या अनुभवातून आजही पुष्कळ घेण्यासारखे आहे.

टेलिफोन व्यवस्थेची मर्यादा

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या पद्धतीस डायल-अप म्हणत. संगणकास जोडलेले मोडेम नावाचे उपकरण टेलिफोनचा क्रमांक फिरवी आणि जोडणी चालू असेपर्यंत घरचा टेलिफोन अडकून राही. ही व्यवस्था माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी केलेली होती. त्यामुळे तिच्यावरून सेकंदास फार तर ५६ किलोबिट माहिती येई; प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

येथे एक हिशेब लक्षात ठेवावा. जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात, तर छायाचित्राचा किंवा कागदपत्राचा आकार बाइटमध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १ मेगाबाइट आकाराचे छायाचित्र ५६ किलोबिट वेगाने उतरवून घेण्यास सुमारे २ मिनिटे २३ सेकंद लागतात. २५६ किलोबिट वेगास त्यासाठी सुमारे ३१ सेकंद, तर २ मेगाबिट वेगास अवघे ४ सेकंद पुरतात.

वेगवर्धकाची युक्ती

अमेरिकेत २००३ च्या सुमारास नेटझीरो, अर्थलिंक यांसारख्या कंपन्यांनी डायल-अपच्या ग्राहकांना ‘ॲक्सिलरेटर’ म्हणजे वेगवर्धक देऊ केला. नेहमीच्या डायल-अपपेक्षा पाच पटींपर्यंत अधिक वेग मिळेल, अशी त्याची जाहिरात असे. ब्रॉडबँडचे मासिक शुल्क बरेच अधिक होते आणि तेथील अनेक खेड्यांत ब्रॉडबँड पोहोचलेलेही नव्हते. साहजिकच पुष्कळ कुटुंबांनी वेगवर्धक पसंत केला.

त्याचे काम कापसाच्या उदाहरणाने सहज समजते. मोकळा कापूस गाडीत भरला तर थोड्याच वजनात गाडी भरून जाते. तोच कापूस प्रेसमध्ये दाबून गाठी बांधल्या, तर त्याच गाडीतून कितीतरी अधिक माल जातो. परंतु त्यामुळे गाडी मोठी होत नाही आणि रस्ताही रुंद होत नाही. वेगवर्धकही हेच करी. कंपनीचा संगणक मागितलेले पान आणून त्यातील मजकूर दाबून लहान करी, चित्रांचा दर्जा कमी करी आणि मग ते पान टेलिफोनवरून धाडी. घरच्या संगणकातील प्रणाली ते पुन्हा मोकळे करी. एकदा पाहिलेले भाग ती घरीच साठवून ठेवी, म्हणजे ते पुन्हा आणावे लागत नसत.

उपयोग कोठे, अडचण कोठे

ही युक्ती खोटी नव्हती. बातम्या, पत्रे व मजकुराची पाने वाचणाऱ्यास तिचा खरोखर लाभ होई. अडचण येई ती पुढील कामांत.

गाणी, चलच्चित्रे आणि बहुतेक छायाचित्रे मुळातच दाबून लहान केलेली असतात. बांधलेली गाठ पुन्हा दाबून आणखी लहान होत नाही. म्हणून गाणी व चलच्चित्रे यांचा वेग वेगवर्धकाने वाढत नसे.

बँकेसारखी सुरक्षित पाने कुलूपबंद पेटीप्रमाणे असतात. मधल्या संगणकास ती उघडता येत नाहीत, मग त्यातील माल दाबणार कसा ? आज इंटरनेटवरील बहुतेक पाने याच प्रकारची आहेत.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या विशेष लक्षात यावी अशी आहे. चित्राचा दर्जा कमी केला की त्यातील बारकावे पुसट होतात. पानावरील ठिपके करपा रोगाचे की अन्य कशाचे, हे पुसट छायाचित्रावरून ठरविणे तज्ज्ञासही कठीण जाते. चुकीच्या निदानामुळे चुकीची फवारणी झाली, तर औषधाचा पैसा जातो आणि पीकही हातचे जाते.

ब्रॉडबँड कशास म्हणावे ?

ब्रॉडबँड म्हणजे रस्ताच रुंद करणे. कित्येक घरी टेलिफोनची तार तीच राहिली. परंतु आवाजासाठी न वापरल्या जाणाऱ्या वरच्या कंपनांवरून माहिती नेण्याची सोय झाली. बोलणे व इंटरनेट दोन्ही एकाच वेळी चालू लागले. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणाने सेकंदास किमान २५६ किलोबिट वेगाच्या व सदैव चालू राहणाऱ्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटले. ही किमान मर्यादा २०१३ साली ५१२ किलोबिट आणि २०२३ साली २ मेगाबिट करण्यात आली. आता काचतंतूच्या, म्हणजे फायबरच्या, तारेने याहून पुष्कळ अधिक वेग मिळतो. अमेरिकेतील एओएल या जुन्या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. वेगवर्धकाने काही वर्षांची सोय केली; प्रश्न सुटला तो रुंद मार्गानेच.

जुना प्रश्न नव्या रूपात

डायल-अप गेले तरी तो वेग गेलेला नाही. अनेक मोबाईल योजनांत दिवसाची मर्यादा संपताच वेग ६४ किलोबिटपर्यंत उतरतो. म्हणजे घर पुन्हा डायल-अपच्या काळात जाते. अशा वेळी ‘वेग दुप्पट करा’ असे सांगणारी ॲप मोबाईलमध्ये घेतली जातात. कंपनीने ठरविलेला वेग असे कोणतेही ॲप वाढवू शकत नाही. ऑपेरा मिनीसारखी पाने दाबून आणणारी साधने मजकूर वाचण्यापुरती उपयोगी पडतात, इतकेच. तसेच वायफायची पोच वाढविणारे उपकरण घराच्या मागील खोलीपर्यंत संदेश नेते. घरात येणारा वेग ते वाढवीत नाही.

जोडणी घेण्यापूर्वी

१. प्रथम घरातील कामांची यादी करावी. केवळ भाव व हवामान पाहावयाचे असेल तर मोबाईलची जोडणी पुरेशी आहे. मुलांचे वर्ग, तज्ज्ञांशी दृक्‌श्राव्य बोलणे व अर्ज ही कामे एकाच वेळी चालत असतील तर तारेची जोडणी घ्यावी.

२. जाहिरातीतील ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचावा. ‘३० मेगाबिटपर्यंत’ याचा अर्थ नेहमी ३० मेगाबिट असा नव्हे.

३. माहिती पाठविण्याचा वेग वेगळा विचारावा. छायाचित्रे व कागदपत्रे पाठविताना हाच वेग कामी येतो आणि कित्येक जोडण्यांत तो उतरवून घेण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो.

४. मासिक मर्यादा किती व ती संपल्यावर वेग किती राहील, हे लेखी घ्यावे.

५. शेजाऱ्याच्या जोडणीचा वेग सकाळी, दुपारी व रात्री मोजून पाहावा. त्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे मायस्पीड हे ॲप आहे.

६. तार तुटल्यास दुरुस्तीस कोण व किती दिवसांत येते, याची चौकशी करावी. वीज गेल्यावर राउटर चालू राहण्याची सोयही पाहावी.

घरची तार बांधापर्यंत पोहोचत नाही, हेही ध्यानात असावे. ई-पीक पाहणीसाठी पिकाचे छायाचित्र शेतातच काढावे लागते. सबब तारेची जोडणी घेतली तरी मोबाईलची साधी योजना चालू ठेवणे हिताचे आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ साली मान्यता दिली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या गावी ती तार आली आहे काय, ती चालू आहे काय आणि तिच्यावरून घरोघर जोडणी मिळते काय, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करून घ्यावी व ती ग्रामसभेत सांगावी. एकच छायाचित्र दोन वेगवेगळ्या जोडण्यांवरून सर्वांसमक्ष पाठवून दाखविल्यास भेद चटकन पटेल.

युक्तीने थोडा काळ निभावून नेण्यात कमीपणा नाही. मात्र ती युक्ती आहे, हे ओळखून तिच्यावर बेताचाच खर्च करावा; आणि गावात रुंद मार्ग येताच पैसा त्या मार्गावर लावावा, हेच शहाणपणाचे होय.